मेडिकलच्या काउंटरवरचा एक प्रश्न

अकोला

चि. बाळ,


बडनेऱ्याला तुझे मेडिकल उभे राहिले, लायसन्स आले, रॅकही लागले, हे ताईने फोनवर सांगितले. फार बरे वाटले. जागा हायवेजवळची आहे. तुझ्या काउंटरवर येणारा माणूस बरेचदा गाडीवरून उतरून आलेला असेल आणि गोळी खिशात टाकून पुन्हा गाडीवरच बसेल. संत्र्याचा ट्रक नेणारा, ऑटोवाला, मुर्तिजापूरकडे मोटारसायकलने परतणारा शेतकरी. त्या माणसाला औषध देण्याआधी एक प्रश्न विचारत जा, एवढ्यासाठी हे पत्र: "गाडी चालवता का जी?"

तो म्हणेल, "मी काई दारू पेलो नाई न!" लोकांच्या मनात कायदा तेवढाच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १८५ तू स्वतः वाच. त्याचे दोन भाग आहेत. दारूला आकडा आहे: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सापडली की गुन्हा. दुसरा भाग नशेच्या इतर द्रव्यांचा; त्यांना आकडाच नाही. त्यांच्या अंमलाखाली माणूस गाडीवर नीट ताबा ठेवू शकत होता की नाही, एवढेच तिथे पाहतात. २०१९ च्या दुरुस्तीने या द्रव्यांच्या व्याख्येत अंमली पदार्थांच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यातले, मनावर परिणाम करणारे (सायकोट्रॉपिक) पदार्थही आणले. म्हणजे तुझ्या कपाटातल्या अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम आणि २०१८ पासून ट्रॅमाडॉलसुद्धा. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

"डॉक्टरांनी लिहून दिली होती" या उत्तराला त्या कलमात कुठेही जागा ठेवलेली नाही. ब्रिटनने इंग्लंड-वेल्समध्ये मार्च २०१५ पासून ती ठेवली: सांगितल्याप्रमाणे औषध घेतले असेल तर बचाव मिळतो. पण तिथेही चालवण्यावर परिणाम झाला असेल तर तो बचाव संपतो. मला हेच न्याय्य वाटते. चिठ्ठीने गोळी घ्यायची परवानगी मिळते, ती घेऊन गाडी हाकायची नाही. पोलिसाच्या फुंकायच्या यंत्रात गोळी दिसत नाही, म्हणून कुणी निर्धास्त राहू नये. रक्ताचा नमुना घेता येतो, आणि न्यायसहायक प्रयोगशाळा अमरावतीतच आहे.

मला खरी काळजी एनडीपीएसच्या यादीबाहेरच्या गोळ्यांची आहे. सर्दीच्या बहुतेक स्वस्त गोळ्यांत क्लोरफेनिरामाइन असते. लोक ती चिठ्ठीशिवाय, नाव घेऊन मागतात. रात्री घेतलेल्या गोळीची सुस्ती दुसऱ्या दिवशीही उरते, आणि सुस्ती आलेल्या माणसाला ती स्वतःला कळतेच असे नाही. यादीतल्या झोल्पिडेमचेही तसेच. सकाळच्या ड्रायव्हिंगवर परिणाम राहतो म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये बायकांसाठी त्याचा डोस दहावरून पाच मिलिग्रॅमवर आणला. आणि आपला अमरावती-अकोला रस्ता आता कसा झाला आहे ते तू पाहतोसच. लोणी ते माना भागात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा एका लेनचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनीज विक्रम झाला. पूर्वी खड्डे माणसाला जागे ठेवत. आता डोळा लागला तर गचका देऊन उठवणारे काहीच नाही. अशा अवस्थेत कुणाचा जीव गेला, तर गोळी यादीत नव्हती म्हणून सुटका होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

शुगरवाल्यांकडे वेगळे लक्ष दे. तिथे झोपेचा प्रश्न नाही, साखर खाली जाण्याचा आहे. गुरुवारचा उपास, पोटात फक्त चहा, सकाळची ग्लिमेपिराइड घेतलेली, आणि मोटारसायकलवर बायकोला बसवून शेगावला महाराजांच्या दर्शनाला निघालेला माणूस तुला दर आठवड्याला भेटेल. घाम, हाताला कंप, मग गोंधळ; हे हँडल हातात असताना होते. ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्यांना निघण्यापूर्वी आणि मग दर दोन तासांनी साखर तपासायला सांगतात. ९० च्या खाली असेल तर आधी खायचे. उपास मोडा असे आपण सांगू नये, ते त्याच्या आणि महाराजांच्या मधले आहे. पण उपासाच्या दिवशी गोळीचे काय करायचे हे डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारा, आणि खिशात साखर ठेवा, हे जरूर सांग.

एक मात्र सांभाळ. तुझ्या प्रश्नाने घाबरून कुणी औषधच सोडू नये. फिटची, बीपीची, मनाच्या आजाराची गोळी बंद केलेला माणूस रस्त्यावर जास्त धोक्याचा. म्हणून "घेऊ नका" म्हणायचे नाही. "डॉक्टरांना सांगा, मी ड्रायव्हर आहे" असे म्हणायचे. सुस्ती कमी आणणारी दुसरी गोळी किंवा वेगळी वेळ ते देऊ शकतात. आपण आपल्या मनाने बदल करायचा नाही. डॉक्टरांचा फोन लागत असेल तर तूच लावून दे.

हे उपकार नाहीत. रुग्णाला समजावून सांगणे हे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनी आपले कामच ठरवले आहे. एच-वन औषधांचे रजिस्टर तू नेटाने लिहिशील, त्याची मला शंका नाही. पण त्या रजिस्टरमधून ग्राहकाला काही कळत नाही. आपण दहाच्या स्ट्रिपमधून चार गोळ्या कापून देतो, तेव्हा सूचनेचा तुकडा बरेचदा आपल्याकडेच राहतो, आणि तो असतो इंग्रजीत. त्यामुळे सुस्ती आणणाऱ्या गोळ्यांसाठी कागदी पाकिटे छापायला टाकशील तेव्हा त्यावर ठळक ओळ घे: "ही गोळी घेऊन गाडी चालवू नका." खाली तीच हिंदीत. त्या हायवेवर बाहेरच्या राज्यांतले ड्रायव्हर पुष्कळ असतात. मजकूर पक्का झाला की मला पाठव, छपाईचे पैसे मी देतो.

तुझा,
मामा