स्लेड घेतलीस, आता वेस्ट बघू

अगं, स्नोमोबाइल, म्हणजे आपली स्लेड, घेतलीस त्याचं कौतुक आहेच. फोनवर तू विचारलंस, "मामा, हिमलोटासाठी एअरबॅग वेस्ट कुठलं घेऊ?" आणि मी लिहून पाठवतो म्हणालो, कारण हा विषय चालता-बोलता उरकण्यातला नाही. तुझी आई सातारला बसून रोज कॅनडाच्या बर्फाच्या बातम्या बघते. तिचाही जीव थोडा खाली पडेल.

दुकानात गेलीस की तुला पिशवी किती लिटरची, सिलिंडर कसला, खिसे किती हे सांगतील. ते सगळं मागाहून. आधी वेस्ट अंगाला नीट बसतं का आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत अंगावर सोसवतं का, ते बघ. काचणारं वेस्ट माणूस कधी ना कधी काढतोच. सुरुवातीला मांडीचा पट्टा लावायचा कंटाळा येतो, मग छातीचं बकल सैल सुटतं, आणि दुपारी उकडायला लागलं की वेस्ट हँडलबारला लटकतं. आमच्या रेव्हलस्टोकच्या डोंगरांत मी हे वर्षानुवर्षं बघत आलोय. नवख्यांपेक्षा मुरलेल्या लोकांत जास्तच. म्हणून माझ्या लेखी आराम ही चैनीची बाब नाही. वेस्टचं पहिलं काम अंगावर राहणं, फुगणं त्याच्यानंतरचं.

ते फुगून करतं काय, तेवढं समजून घे. १९७०च्या दशकात बव्हेरियातल्या एका वनाधिकाऱ्याच्या लक्षात आलं की खांद्यावर शिकार असताना हिमलोटात सापडलं, तर आपण बर्फावरच राहतो. पुढे पीटर आशाउअर यांनी ती कल्पना हाती घेतली आणि १९८५च्या सुमारास पहिली एअरबॅग लोकांसमोर आली. तत्त्व आपल्या घरातलंच आहे. चिवड्याचा डबा हलवला की शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप वर राहतात, तीळ-मीठ तळाला जातं. वाहत्या बर्फात असंच होतं. पाठीमागे दीडशे लिटरची पिशवी फुगली की तुझं आकारमान वाढतं आणि लोट वाहता असेपर्यंत तू वरच्या बाजूला ढकलली जातेस. लोट थांबला की हा खेळ संपतो. म्हणून पिशवी फुगवणारी मूठ ओढायची ती पायाखालचा बर्फ हलला त्याच क्षणी.

२०१४मध्ये सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या पास्कल हेगेली यांनी इतर संशोधकांबरोबर अनेक देशांतले अपघात तपासले. हिमलोटात गंभीरपणे सापडलेल्यांत, एअरबॅग फुगली नव्हती तिथे मृत्यूचं प्रमाण सुमारे २२ टक्के निघालं, फुगली होती तिथे ११. म्हणजे निम्मं. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पाचातली एक एअरबॅग फुगलीच नव्हती, आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी यंत्राचा दोष नव्हता. मूठ ओढलीच गेली नव्हती. हात पोचला नाही, मूठ सापडली नाही, किंवा ती सकाळपासून खिशातून बाहेर काढलेलीच नव्हती. यातलं बरंच काही वेस्ट निवडताना आणि घालताना टाळता येतं.

आता मापाचं. दुकानात ऑफिसच्या कपड्यांत जाऊ नकोस. थर्मल, मधला थर, स्लेडिंगचं जॅकेट, छातीचं कवच, बूट, हेल्मेट, गॉगल आणि जाड हातमोजे, सगळं बॅगेत भरून ने आणि तिथे अंगावर चढव. नुसत्या टी-शर्टवर बेताचं बसलेलं वेस्ट डोंगरात श्वास कोंडतं. तुझं धड आईसारखं आखूड आहे, हे विसरू नकोस. बरीचशी वेस्टं पुरुषी बांध्यावर बेतलेली असतात. छोटं माप म्हणून घेतलेल्या वेस्टचा घेर कमी असतो, पण पाठीची लांबी तेवढीच राहू शकते. असं लांब वेस्ट घालून तू सीटवर बसलीस की खालची कड सीटवर टेकते, अख्खं वेस्ट वर सरकतं आणि कॉलर हेल्मेटला भिडते. छातीचा पट्टा वर-खाली सरकवता येतो का तेही बघ. बायकांच्या अंगाला तो चुकीच्या जागी आला की दुपारपर्यंत नको नको होतं, आणि मग तो सैल सोडला जातो.

मग दुकानातल्या उभ्या स्लेडवर चढू का, असं विचार. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. फुटबोर्डवर उभी राहा, गुडघे वाक, हँडलबारवर झुक. मग दोन्ही पाय एकाच बाजूच्या बोर्डवर घेऊन अंग बाहेर टाक, उतारावर आडवी स्लेड चालवताना टाकतेस तसं. दोन्ही बाजूंनी कर. बकल किंवा सिलिंडर बरगडीत टोचत असेल तर इथेच कळेल. मग मान वर करून छताकडे बघ. हेल्मेटची मागची कड वेस्टच्या वरच्या भागावर आपटली तर ते वेस्ट परत ठेव. डोंगरात तुला सारखं वरच्या उताराकडे बघायचं असतं, आणि मान वळत नसली की माणूस बघायचं टाळतो.

शेवटची परीक्षा सगळ्यात महत्त्वाची. सगळे पट्टे लावून सरळ उभी राहा आणि कुणाला तरी मानेमागची वेस्टची पकड धरून जोरात वर उचलायला सांग. पिशवी फुगल्यावर ती वेस्टला अशीच वर खेचणार. वेस्ट कानांपर्यंत आलं तर मापात किंवा पट्ट्यांत काहीतरी चुकतंय. मांडीखालून जाणारा पट्टा असतो तो यासाठीच. तो न लावता एअरबॅग फुगली तर वेस्ट डोक्यावरून निसटू शकतं. नव्या वेस्टमध्ये हा पट्टा कित्येकदा घडी करून खिशात ठेवलेला असतो, त्यामुळे तो आहे हेच काहींना ठाऊक नसतं. विकत घ्यायच्या आधी तो काढायला लाव आणि लावून चाल, बस, वाक. मांडीला काचत असेल तर लांबी बदलता येते का बघ. नाहीच जमलं तर दुसरं वेस्ट, पण पट्ट्यावाचून नाही.

मुठीकडे आता. स्लेडचा थ्रॉटल उजव्या अंगठ्याखाली असतो. लोट सुटला की पहिला प्रयत्न त्या अंगठ्यानेच करायचा असतो, थ्रॉटल दाबून कडेला निसटायचा. म्हणून मूठ डाव्या खांद्यावर असावी आणि उजवा हात हँडलबारवरून न हलवता डाव्या हाताने ओढता यावी. दुकानात डोळे मिटून हे करून बघ. हेल्मेटच्या हनुवटीच्या पट्टीमुळे तुला स्वतःची छाती दिसत नाही, मूठ स्पर्शानेच सापडायला हवी, तीही जाड मोज्यातून. डावा हात अडकला तर उजव्यानेही ती गाठता येते का, तेही तपास. रेडिओचा माइक दुसऱ्या खांद्यावर लाव. इंजिन बंद करणारी टेदरची दोरी मुठीजवळ कुठेही अडकत नाही ना, ते बघ. रोज सकाळी स्लेड सुरू करायच्या आधी मूठ बाहेर काढायची आणि संध्याकाळी ट्रकमध्ये चढायच्या आधी आत ठेवायची, याची अंगाला सवय लागली पाहिजे.

उकाड्याचं वेगळं सांगतो, कारण खरी गोची तिथे होते. कधी तरी तुझी स्लेड ताज्या, कमरेएवढ्या बर्फात रुतेल. मागचा ट्रॅक स्वतःचाच खड्डा खणत खाली जातो, शेपूट बुडते, नाक आभाळाकडे. मग तू उतरतेस आणि मांडीपर्यंत आत जातेस. फावड्याने फुटबोर्ड मोकळे करायचे, ट्रॅकपुढचा बर्फ पायांनी दाबून वाट करायची, स्की धरून नाक फिरवायचं. पाच मिनिटांत कपाळावरचा घाम गॉगलमध्ये उतरतो, काच धुरकटते, पाठ ओलीचिंब होते. नेमक्या या क्षणी लोक वेस्ट काढून बाजूला ठेवतात. आणि रुतण्याची जागा बहुधा उतारच असते, तोच उतार ज्यावर आत्ताच अडीच-तीनशे किलोचं यंत्र धडपडलंय. म्हणून वेस्ट घेताना बगला मोकळ्या आहेत का, पाठीला जाळी आहे का, हात डोक्यावर नेताना कड काखेत घुसते का, हे तिथेच फावडं मारल्यासारखे हात हलवून बघ. आतला एक थर कमी कर, जॅकेटच्या काखेतल्या चेन उघड, पण वेस्ट अंगावर राहू दे.

फावडं आणि प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून शोधायची काठी, वेस्टमध्ये मावतात का, हे दुकानातच आपलं स्वतःचं सामान घालून बघ. अनेक जण ते स्लेडवरच्या बॅगेत ठेवतात. लोटात स्लेड एकीकडे आणि माणूस दुसरीकडे जातो, मग दोस्ताला काढायला हातात काय राहणार? फावडं धातूच्या पात्याचं घे, हिमलोटाचा थांबलेला बर्फ काँक्रीटसारखा घट्ट होतो. गाडलेल्याला शोधायचा सिग्नल देणारा ट्रान्सीव्हर मात्र वेस्टच्या खिशात नको. त्याच्या पट्ट्यांनिशी जॅकेटच्या आत, अंगाला बांधून. फोन आणि रेडिओ त्याच्यापासून किमान २० सेंटीमीटर लांब ठेवायचे, आणि कुणाला शोधायची वेळ आली तर ५० सेंटीमीटर. तेव्हा आजूबाजूच्या सगळ्या स्लेडची इंजिनंही बंद करायला लाव, त्यांच्या विजेमुळे सिग्नल बिघडतो.

सिलिंडरवालं घ्यावं की बॅटरीवर पंखा चालणारं, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मी थोडक्यात सांगतो. सिलिंडरवाल्यात यंत्रणा साधी असते, पण एकदा ओढल्यावर तो पुन्हा भरून आणावा लागतो. पंखेवालं घरी कितीही वेळा फुगवून सराव करता येतो, पण चार्जिंगची शिस्त हवी. सराव जो करेल त्याला पंखा, जो सकाळी दाबाचा गेज बघायला विसरणार नाही त्याला सिलिंडर. गारठ्यात गेजचा काटा थोडा खाली येतो, त्याला घाबरू नकोस. गाडीतून काढल्यावर लगेच बघितलेला आकडा आणि उणे वीसमध्ये तासभर उभं राहिल्यावरचा आकडा एक नसतो. नेमका कितीपर्यंत चालेल ते कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, तो तक्ता फोनमध्ये ठेव.

सेकंड-हँड वेस्ट स्वस्तात मिळतंय म्हणालीस. घ्यायला हरकत नाही, पण सिलिंडरवरचे शिक्के वाचल्याशिवाय पैसे देऊ नकोस. कॅनडात ट्रान्सपोर्ट कॅनडाच्या मान्यतेचा शिक्का नसलेला, युरोपातून आणलेला सिलिंडर इथलं दुकान भरून देत नाही. चाचणीची तारीखही त्यावरच कोरलेली असते. पिशवी पूर्ण फुगवून बघ, तासभर तशीच ठेव, आणि शिवणीवर, घडीच्या रेषांवर हात फिरव. विकणाऱ्याने यालाच नकार दिला तर उठून ये.

आता एक गोष्ट मी जरा कडक शब्दांत सांगणार आहे. वेस्ट झाडावर आपटण्यापासून वाचवत नाही. कॅनडातल्या हिमस्खलनातल्या मृत्यूंपैकी जवळजवळ पाव मृत्यू गुदमरून नसतात, मार लागून झालेले असतात. खाली ओढ्याची घळ असेल तर फुगलेल्या पिशवीवरही बर्फ साचतो. १३ मार्च २०१० रोजी आमच्याच बोल्डर माउंटनवर लोट पायथ्याशी जमलेल्या गर्दीवर आला. दोघे गेले, कित्येक जखमी झाले. त्याआधी, २८ डिसेंबर २००८ला, फर्नीजवळच्या हार्वी पासमध्ये पहिल्या लोटात सापडलेल्यांना काढायला दुसरे धावले आणि त्यांच्यावरही लोट आला. आठ जण गेले. उतारावर एका वेळी एकच स्लेड. वर कुणी रुतलं तर मदतीला दुसऱ्याने चढायचं नाही. बघणाऱ्यांनी उताराच्या वाटेतून बाहेर, स्लेडचं तोंड बाहेरच्या बाजूला करून थांबायचं. ३० ते ४५ अंशांचा उतार म्हणजे हिमलोटाची जागा, हे डोळ्यांत बसेपर्यंत उतार मोजायचं साधन जवळ बाळग. रोज सकाळी ॲव्हलांच कॅनडाचा हिमलोटाचा अंदाज वाच. आणि वेस्टच्या आधी त्यांच्या अभ्यासक्रमाचा पहिला टप्पा पूर्ण कर. पैशांची ओढाताण असेल तर वेस्ट पुढच्या महिन्यात घे, कोर्स मात्र या महिन्यातच कर, आणि तोवर पायवाटा आणि सपाट माळ सोडून कुठे जाऊ नकोस. ट्रान्सीव्हर, प्रोब आणि फावडं त्याही दिवसांत अंगावर असलेच पाहिजेत.

वेस्ट घरी आलं की हंगामाच्या सुरुवातीला एकदा ते खरोखर फुगव. सिलिंडर भरायचा खर्च होईल, होऊ दे. मूठ किती जोरात ओढावी लागते हे एकदा हाताला कळलं की ऐनवेळी हात अडखळत नाही. ज्यांच्यासोबत जाणार त्यांना बोलाव, त्यांचंही फुगवा, आणि एकमेकांचं वेस्ट कसं उघडतं, मांडीचा पट्टा कसा सुटतो, हे शिकून घ्या. गाडलेल्या माणसाचं वेस्ट दुसऱ्यालाच उघडावं लागतं. नंतर पिशवी पुस्तिकेत दाखवलीय तशीच घडी घालून भर, घाईघाईत कोंबू नकोस. डोंगरातून आल्यावर वेस्ट दरवेळी वाळव, पण हीटरवर टाकू नकोस. मुठीच्या यंत्रणेत ओल राहिली तर दुसऱ्या दिवशी तिचा बर्फ होतो. आणि विमानाने कुठे न्यायचं झालं तर सिलिंडरबद्दल विमान कंपनीची परवानगी आधी, लेखी घे.

पुढच्या शनिवारी मी कॅलगरीला येतोय. दुकानात तुझ्यासोबत येईन आणि मानेमागून उचलून बघायचं काम माझ्याकडे. हेल्मेट, जॅकेट, छातीचं कवच आणि हातमोजे गाडीत भरून ठेव.