दोघे मिळून नागपूरला

आपल्या गोंदिया जिल्ह्यातली माणसे नागपूरला कशाला जातात? दवाखान्यासाठी जातात. हायकोर्टाच्या तारखेला जातात. पोराला कॉलेजात घालायला जातात. लग्नाला जातात, मयतीला जातात. पण नवरा-बायको दोघेच, हातात काही काम नसताना, दोन दिवस नागपूर पाहायला आणि तिथले खायला गेले, असे आपल्या गावात किती घरांत झाले असेल? बोटांवर मोजा. बोटे उरतील.

नागपूरची माणसे मात्र आपल्याकडे येतात. नवेगावबांधचा तलाव पाहतात. नागझिऱ्याच्या जंगलात फिरतात. सालेकसा तालुक्यात हाजराचा धबधबा पाहतात. जोडीने येतात, डबा सोडून सावलीत बसतात. आपण बांधीतून त्यांच्याकडे पाहतो. त्यांचे शहर आपण पाहतो ते दवाखान्याच्या खिडकीतून.

मी शाळेतून निवृत्त झाल्यावर आम्ही दोघे तीनदा नागपूरला जाऊन आलो. एकदाही कोणी आजारी नव्हते. त्या अनुभवावरून हा धडा लिहीत आहे.

केव्हा जावे

धानाची कापणी झाली, चुरणी झाली, धान विकून हातात चार पैसे आले, की जावे. थंडी असते. बाजारात संत्री आलेली असतात. फक्त डिसेंबरात विधिमंडळाचे अधिवेशन नागपूरला असते, ते कोणत्या तारखांना आहे ते वर्तमानपत्रात वाचून घ्या. १९५३ सालच्या नागपूर करारातून ही रीत आली आहे. त्या दिवसांत शहरात गर्दी फार, खोली मिळणे कठीण. दसऱ्याला आणि १४ ऑक्टोबरच्या सुमाराला दीक्षाभूमीवर लाखो माणसे येतात. त्यासाठीच जायचे असेल तर गोष्ट वेगळी.

गावात लोक बोलतील. "या वयात कुठं चालली जोडी?" असे आम्हालाही विचारले. आम्ही म्हटले, "नागपूरला. पोहे खायला." विचारणारा हसला, आम्हीही हसलो. दोन दिवसांनी गावाला बोलायला दुसरा विषय मिळाला.

तिकीट आणि गाडी

एस.टी.ने गेलात तर १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धे तिकीट आहे. म्हणजे दोघांचे मिळून दीडच तिकीट पडते. रेल्वेत साठी ओलांडलेल्यांना पूर्वी सूट होती, ती २०२० साली बंद झाली. तरीही मी रेल्वेच सांगेन. गोंदियाहून नागपूर सुमारे १३० किलोमीटर. महाराष्ट्र एक्सप्रेस आणि विदर्भ एक्सप्रेस या गाड्या गोंदियाहूनच सुटतात. वेळेआधी गेले तर बसायला जागा मिळते. खिडकीची जागा बायकोला द्यावी. तिने आजवर प्रवास केला तो मांडीवर लेकरू आणि पायाशी गाठोडे घेऊन. बाहेर पाहायला तिला सवड कधी होती?

स्टेशनांच्या पाट्या वाचत चला. गंगाझरी, तिरोडा, तुमसर रोड, भंडारा रोड, कामठी. गाडी तिथे थांबली नाही तरी पाटी दिसते. आधी तिने वाचावी, मग त्याने. तिरोड्याच्या पुढे वैनगंगेचा पूल येतो. काही गाड्या इतवारीपर्यंतच जातात. त्या स्टेशनाचे नाव आता लांब झाले आहे: नेताजी सुभाषचंद्र बोस इतवारी. तिकिटावर कोणते नाव छापले आहे ते बसण्याआधी पाहावे.

पैसे एकाच खिशात ठेवू नका. अर्धे त्याच्याजवळ, अर्धे तिच्या बटव्यात. आणि दोघांनीही एका चिठ्ठीवर आपले नाव, गाव, तालुका आणि घरचा फोन नंबर लिहून जवळ ठेवावा. प्रत्येकाने आपापल्या हाताने लिहावा. गर्दीत चुकामूक झाली तर कुठे भेटायचे हे आधीच ठरवावे. बायको नवऱ्याच्या मागे मागे फिरते, आणि नवरा दिसेनासा झाला की तिच्याजवळ ना पैसा ना पत्ता. म्हणून तर बाया शहराला भितात. दोन कागद आणि अर्धे पैसे, एवढ्याने ती भीती निम्मी होते.

स्टेशनाच्या आसपास लॉज आहेत. दोघांचीही आधार कार्डे न्या, ती मागतात. दर आधी विचारा, खोली आधी पाहा, मग पैसे द्या. नोंदवहीत सही करा. अंगठा कशाला?

शेजारी शेजारी चाला

आपल्याकडे नवरा पुढे आणि बायको दहा पावले मागे, अशी चाल आहे. शेताच्या धुऱ्यावरून एकामागे एक चालावे लागते हे खरे. धुरा अरुंद असतो. पण नागपूरचा रस्ता काही धुरा नाही. तिथे मागे राहिलेले माणूस मोटारींच्या पलीकडे राहते. रस्ता ओलांडताना हात धरला तरी चालेल. तिथे कोणाला कोणाकडे पाहायला वेळ नाही.

काय खावे, कसे खावे

सकाळी तर्री पोहे. आपण पोहे घरी करतो, पण नागपूरची रीत न्यारी आहे. पोहे साधेच असतात. शेजारच्या गंजात लाल चण्याचा झणझणीत रस्सा उकळत असतो. त्या रश्श्यावर जो तांबडा तेलाचा थर येतो ती तर्री. पोह्यांवर रस्सा आणि तर्री ओततात. वरून शेव, बारीक कांदा, सांबार आणि लिंबू. हे उभ्याने खाणारे फार. तुम्ही बाक असेल तिथे बसून खा. पोहे म्हणजे शेवटी धानच. ते भिजवतात, भाजतात आणि चेपतात. आपल्या बांधीतले पीक शहरात जाऊन कोणत्या रूपाने बशीत बसते, ते पाहण्यासारखे आहे.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हाची गोष्ट सांगतो. दोन बशा पुढे आल्या. मी खाऊ लागलो. आमच्या सौ. बशीला हात लावीनात. विचारले तर म्हणाल्या, "तुमी खा, मी मागून खातो." आपल्याकडे बाया असेच बोलतात आणि असेच करतात. आधी पुरुष, मग लेकरे, मग सासू, मग आपण. तोवर भात गार आणि वरण तळाला गेलेले. मी चमचा खाली ठेवला. म्हटले, "तू पहिला घास घे, मग मी घेतो." त्यांनी इकडे तिकडे पाहिले. कोणी पाहत नव्हते. मग त्यांनी खाल्ले. तिखटाने डोळ्यांत पाणी आले, तरी बशी पुरी केली. लिंबू पिळताना हळूच म्हणाल्या, "घरी मी गरम कवा खाल्लं, सांगा बरं?"

मला सांगता आले नाही. छत्तीस वर्षांचा संसार होता.

म्हणून सांगतो, हॉटेलात दोघांनी एकाच वेळी खावे. "एकच ताट घेऊ, पैसे वाचतील," असे बाया म्हणतात. त्या एका ताटातले बरे-बरे नवऱ्याच्या पोटात जाते आणि उरलेले तिला, हे आपल्याला माहीत आहे. त्यापेक्षा दोन वेगळे पदार्थ मागवा आणि दोघांनी दोन्ही चाखा. खर्च फार वाढत नाही आणि चव दुप्पट कळते.

दुपारी सांबारवडी मिळाली तर खा. नागपूरकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात, आपल्यासारखेच. पुण्या-मुंबईचा माणूस सांबार म्हटले की इडलीबरोबरचे वरण समजतो, त्याची फजिती होते. बेसनाच्या पारीत भरपूर सांबार भरून वडी तळतात. पुडाची वडी असेही म्हणतात.

रात्री सावजी. हे जेवण मूळचे हलबा कोष्टी समाजाचे, म्हणजे विणकर लोकांचे. हातमागावर दिवसभर राबणाऱ्यांचे ते खाणे. पुढे त्याच्या खानावळी झाल्या आणि नागपूरचे नाव दूर गेले. मसाल्यात खसखस, सुके खोबरे, मिरे, दगडफूल असे बरेच काही असते. रस्सा घट्ट व्हायला ज्वारीचे पीठ लावतात. जुनी माणसे तो जवसाच्या तेलात करीत. धान निघाल्यावर बांधीत आपण लाखोरी आणि जवस टाकतो, तोच जवस. मांस खात नसाल तर पाटोडी रस्सा मागा. मात्र सावजीचे तिखट हे थट्टेतले तिखट नाही. पित्ताचा किंवा मूळव्याधीचा त्रास असेल त्याने एक घास चाखावा आणि साधे वरण-भात घ्यावे. दोघांना सोसत नसेल तर मुळीच जाऊ नये. नागपूरला जाऊन सावजी न खाल्ल्याने कोणी लहान होत नाही.

कुठेही बसण्याआधी भिंतीवरचा दरफलक वाचा. हाफ प्लेट किती, फुल प्लेट किती. पाण्याच्या बाटलीवर किंमत छापलेली असते, त्याहून जास्त देऊ नका. बिल आले की बेरीज करून पाहा. खालच्या ओळीत जीएसटी लिहिलेला असतो, तो कर आहे. दरफलक वाचणाऱ्या गिऱ्हाइकाला सहसा कोणी फसवीत नाही. आमच्या सौ. तर आता बिल स्वतःच्या हातात घेतात. एकदा त्यांनी न घेतलेल्या भाकरीचे पैसे शोधून काढले. मालकाने ते लगेच वजा केले.

काय पाहावे

सगळे पाहायला जाऊ नका. दोन दिवसांत तीन-चार जागा पुष्कळ झाल्या. मुलाबाळांचे ओझे नाही, तर घाई कशाला?

सीताबर्डीला लोक नुसते बर्डी म्हणतात. बाजार तिथेच. स्टेशनाजवळून मेट्रो गाडीने दोन स्टेशने गेले की बर्डी येते. नागपूरची मेट्रो ८ मार्च २०१९ ला सुरू झाली. वर चढायला सरकता जिना आहे. बायांनी निऱ्या आणि पदर आवरून, कठड्याला हात धरून पाय ठेवावा. भीती वाटली तर बाजूला साधा जिना आणि लिफ्टही असते. लाज वाटून घेऊ नका.

बर्डीजवळ झिरो माईल आहे. एक दगडी खांब आणि चार घोडे. इंग्रजांच्या अमदानीत, १९०७ साली, देशाच्या मोजणीसाठी हा खांब उभारला. जबलपूर, रायपूर, शिवनी, छिंदवाडा, हैदराबाद ही गावे इथून किती मैल, ते तिथल्या दगडावर कोरले आहे. पाहायला पाच मिनिटे लागतात.

अजब बंगल्यात मात्र वेळ काढा. हे १८६३ साली स्थापन झालेले सरकारी संग्रहालय. सोमवारी बंद असते. जुनी नाणी, शिलालेख, मूर्ती, पेंढा भरलेले प्राणी तिथे आहेत. आपल्या शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात गुंगेरिया नावाचे गाव आहे. १८७० साली तिथे गुरे राखणाऱ्या पोरांना जमिनीत काहीतरी दिसले. उकरले तर तांब्याची चारशेहून जास्त हत्यारे आणि चांदीचे शंभरावर पत्रे निघाले. हजारो वर्षांपूर्वीचे. त्यातला काही भाग लंडनला गेला, काही नागपूरच्या या संग्रहात आला. आपल्या मुलखातल्या गुराख्यांनी शोधलेली वस्तू साहेबांच्या देशात आहे, हे ऐकून मला अभिमानही वाटतो आणि थोडा रागही येतो.

दीक्षाभूमीला सकाळी जावे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. भिक्खू चंद्रमणी यांनी ती दिली. त्या वेळी बाबासाहेबांच्या पत्नी सविताबाई, ज्यांना लोक माईसाहेब म्हणतात, त्यांनीही बरोबरच दीक्षा घेतली. दोघांनी एकत्र. नंतर तिथे जमलेल्या लाखो लोकांनी घेतली. दोनच वर्षे आधी, १९५४ साली, बाबासाहेब भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीला उभे होते आणि पडले होते. तेव्हा आपले गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होते. आजचा मोठा स्तूप १८ डिसेंबर २००१ ला खुला झाला. उंची १२० फूट, आणि आतून पोकळ. आत गेले की आवाज आपोआप खाली येतो. बाहेर पायऱ्यांवर थोडा वेळ बसा.

संध्याकाळी फुटाळा तलाव. भाजलेले कणीस किंवा चण्याची पुडी घेऊन काठावर बसायचे, बस. घरच्या गोष्टी बोलाव्या. शेताचे, कर्जाचे, पोराचे जे बोलणे घरी चारचौघांत होत नाही, ते तिथे निघते. आमच्या धाकट्या मुलीला पुढे शिकवायचे की नाही, हा निर्णय आम्ही फुटाळ्याच्या काठावर घेतला. ती शिकली.

परत येताना

संत्रा बर्फी आणा. डब्यावर बनवल्याची तारीख आणि कधीपर्यंत खावी ती तारीख छापलेली असते. ती वाचून मगच घ्या. संत्री घ्यायची तर जड पाहून घ्या, नुसती रंगाने पिवळी पाहून नाही. सून घरी राहून गुरेढोरे पाहत होती, तिच्यासाठी वेगळा डबा घ्या आणि तो तिच्याच हातात द्या. पुढच्या खेपेला ती आणि तुमचा मुलगा जातील, तेव्हा गुरे तुम्ही पाहा.

अभ्यास

हे शब्द मोठ्याने वाचा: दरफलक, तर्री, सांबारवडी, पाटोडी, फुल प्लेट, संग्रहालय, सरकता जिना.

तुमच्या गावाहून नागपूरला जायला कोणती गाडी, किती वाजता, ते विचारून वहीत लिहा. एका पूर्ण आणि एका अर्ध्या एस.टी. तिकिटाचे मिळून किती पैसे होतात, ते काढा.

नागपूरला काय खावेसे वाटते, काय पाहावेसे वाटते, ते नवऱ्याने एका कागदावर आणि बायकोने दुसऱ्या कागदावर लिहावे. लिहिताना एकमेकांना विचारू नये. मग कागद बदलून वाचावे.