मनाची तालीम आणि वारकऱ्याचा नित्यनेम

देह कमवावा लागतो, हे सांगायला कोणी शास्त्री लागत नाही. पहाटे उठून आखाड्याच्या मातीत जोर-बैठका काढणारा पोरगा वर्षा-दोन वर्षांत कसा भरून येतो, हे सारे गाव पाहते. मनाविषयी मात्र आपली समजूत निराळी. कोणाचे मन घट्ट, कोणाचे हळवे. देवाने ज्याला जसे दिले तसे, त्याला आपण काय करणार, असे म्हणून आपण मोकळे होतो. माळकरी बंधुभगिनींनो, ही समजूत शास्त्राला मान्य नाही आणि संतांनाही मान्य नाही. मनाचे बळ नेमाने वाढते, आणि वारकऱ्याचा नित्यनेम ही त्या मनाची तालीमच होय, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

हा विषय घेण्यास कारण आहे. आपला वऱ्हाड कापसाचा मुलूख. तेल्हारा तालुक्यात उत्तरेस सातपुड्याचा पायथा व वान नदीचे पाणी, तर दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने उभी पऱ्हाटी कशी पोखरली, हे कोणी विसरलेले नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत अकोला व अमरावती हे दोन्ही जिल्हे होते. पाऊस, भाव आणि कर्ज यांचा निवाडा कीर्तनाने होत नाही. त्याचे उपाय शेतात आणि सरकारदरबारीच शोधले पाहिजेत. परंतु घाव बसला असता माणसाने घरच्यांशी चार शब्द बोलावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून कामाला लागावे, एवढे बळ त्याच्या अंगी आधीपासून असावे लागते. ते संकटाच्या दिवशी उसने मिळत नाही. कुस्ती लागल्यावर जोर काढायला कोण बसतो?

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने तक्रार केली की, मन आवरणे म्हणजे वारा धरून ठेवण्यासारखे आहे. भगवंतांनी ती तक्रार खोटी ठरविली नाही. मन चंचल आहे हे त्यांनी कबूल केले आणि अभ्यास व वैराग्य असे दोन उपाय सांगितले. अभ्यास म्हणजे काय, हे पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्याच पादात सांगितले आहे. मन स्थिर राहावे म्हणून केलेला यत्न तो अभ्यास; आणि तो पक्का होण्यास तीन गोष्टी लागतात. तो पुष्कळ काळ करावा, मध्ये खंड पडू देऊ नये, आणि आदराने करावा. या तीन अटी जशाच्या तशा आखाड्यालाही लागू पडतात, हे ध्यानात घ्या.

पहिली अट काळाची. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा या मंडळाच्या पथकाने तेथे जाऊन देशी खेळांची व व्यायामाची प्रात्यक्षिके केली. पाहणाऱ्यांना घटकाभराचा खेळ दिसला. त्यामागे अमरावतीच्या मातीतल्या बावीस वर्षांच्या पहाटा होत्या. तुकोबारायांनीही अभ्यासाचे बळ सांगताना दोराने कापल्या गेलेल्या दगडाचा दाखला दिला आहे. गावच्या जुन्या विहिरीच्या काठावर जाऊन पहा. दोर मऊ, दगड कठीण. पण रोजच्या येण्याजाण्याने खाच दगडाला पडली.

दुसरी अट खंड न पडण्याची. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी ९६ माणसांना रोज एक लहानशी गोष्ट ठरल्या वेळी करावयास सांगितली आणि ती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात हे मोजले. त्याचा वृत्तांत २००९ साली प्रसिद्ध झाला. साधारण ६६ दिवस लागतात असे निघाले. कोणाला १८ दिवसच पुरले, तर कोणाला आठ महिन्यांहून अधिक लागतील असा हिशेब आला. आपल्या पूर्वजांनी चातुर्मासाचा नेम का घालून दिला, याचा येथे उलगडा होतो. आषाढी एकादशीस धरलेला नेम कार्तिकी एकादशीपर्यंत चालवायचा, म्हणजे सुमारे ११८ दिवस झाले. एवढ्या अवधीत नेम अंगात मुरतो, आणि मग कार्तिकीनंतर तो सोडवत नाही.

तिसरी अट आदराची. पहिलवान आखाड्यात उतरताना मातीला हात लावून तो कपाळी नेतो. वारकरी वीणेला आणि टाळाला नमस्कार करून भजनाला उभा राहतो. घाईने उरकलेला नेम आणि आदराने केलेला नेम यांना वेळ सारखाच लागतो, पण मन दुसऱ्यातच मुरते.

येथे कोणी म्हणेल की, प्रपंचात एवढा वेळ कोठून आणावा? त्याचे उत्तर ज्ञानोबारायांनी शके १२१२ मध्येच देऊन ठेवले आहे. बाराव्या अध्यायात माऊली सांगतात की, सगळे चित्त देता येत नसेल तर आठ प्रहरांतून निमिषभर तरी द्यावे. शरद ऋतू लागला की नदीचे पाणी हळूहळू ओसरते, किंवा पौर्णिमेचा चंद्र दिवसेंदिवस घटत अमावास्येला दिसेनासा होतो, तसे मन प्रपंचाच्या ओढीतून हळूहळू सुटते. वैद्यकातही हाच न्याय आहे. बलवानानेसुद्धा अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा, अति करणारा हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहासारखा नाश पावतो, असे वाग्भटाचार्य म्हणतात. म्हणून पहिल्याच दिवशी पाच संतांचे हरिपाठ आणि गाथ्याचे पारायण अंगावर घेऊ नका. थोडे धरा, पण सोडू नका.

कीर्तनानंतर लोक ज्या शंका विचारतात, त्यांतल्या तीन महत्त्वाच्या येथे घेतो.

शंका पहिली: “महाराज, हरिपाठ म्हणतो, पण मन काही लागत नाही. ते वावरात जाते, बाजारात जाते. मंग नुसतं तोंडानं म्हणून काय फायदा?”

समाधान: जोर काढताना अंग खाली जाते आणि पुन्हा वर येते. ते खाली गेले म्हणून व्यायाम फुकट गेला, असे कोणी म्हणते काय? खाली जाऊन वर येणे हाच जोर. तसे मन वावरात गेले, ते ध्यानात आले, आणि तुम्ही त्याला पुन्हा नामावर आणले, की मनाचा एक जोर झाला. एका हरिपाठात वीस वेळा मन पळाले आणि वीस वेळा परत आणले, तर वीस जोर झाले. मन जिकडे जिकडे धावेल तिकडून ते परत आणावे, ही भगवंतांचीच आज्ञा आहे. हेच बळ पुढे कामाला येते. रात्री दोन वाजता सावकाराचा आकडा डोळ्यांपुढे नाचू लागतो, तेव्हा मनाला तिथून उचलून आणण्याची सवय ज्याने केली आहे, त्यालाच ते जमते.

शंका दुसरी: “पेरणीत चार दिवस नेम चुकला. आता सगळे वाया गेले काय?”

समाधान: मुळीच नाही. वर सांगितलेल्या लंडनच्या पाहणीतही असेच दिसले की, एखादे वेळी चुकल्याने सवय लागण्यात विशेष अडथळा येत नाही. चुकला तो दिवस विठोबाला अर्पण करा आणि आज संध्याकाळी पुन्हा टाळ घ्या. चुकल्याचे दुःख करीत बसणे हा नेमातला दुसरा खंड होय.

शंका तिसरी: “माळ घातलेला माणूस, वारी चुकवत नव्हता, तरी खचला. मग त्याची भक्ती खोटी होती काय?”

समाधान: बंधूंनो, हा प्रश्न विचारताना जीभ जपून वापरा. पहिलवानाचा हात मोडला तर त्याला कोणी जोर काढायला सांगत नाही. हाड बसवणाऱ्याकडे नेतात. मनालाही आजार होतो. रज आणि तम यांनी मन दूषित होऊन व्याधी होतात हे चरकाचार्यांनी सांगितलेले आहे, आणि व्याधीला औषध असते. दोन आठवडे झोप नाही, जेवणावर वासना नाही, माणूस बोलत नाही, किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला, तर त्याला नेमाचा उपदेश करू नका, डॉक्टरकडे न्या. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात मनोविकारांचे डॉक्टर असतात. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही सेवा २०२२ पासून आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीसुद्धा फुकट बोलता येते, मराठीतूनही. घरातले फवारणीचे औषध कुलुपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या, आणि त्या माणसाला एकटे सोडू नका.

लोक मदत घ्यायला लाजतात, ही खरी अडचण आहे. पण ती दूर होते. अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर धाडले. नैराश्याच्या आजारात मदत घेणारे पूर्वी शंभरात चार होते, ते सत्तावीस झाले, असे २०१७ साली प्रसिद्ध झाले. शेजाऱ्याने दार ठोठावले, म्हणजे एवढा फरक पडतो.

आणि शेजाऱ्याने दार ठोठावणे हे तर वारकऱ्याचे घरचेच काम! आखाडा एकट्याचा नसतो. वस्ताद असतो, जोडीदार असतो. आपलाही नेम एकट्याचा नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीस गुरुकुंज उभारले आणि खेडोपाडी सामुदायिक प्रार्थना रुजविली, त्यातले मर्म हेच. एकटा म्हणेल तो कंटाळेल. दहा जण बसतील तर दहावा नवव्याला उठवील. म्हणून प्रत्येक भजनी मंडळाने एक नेम आणखी घ्यावा. हरिपाठाला रोज येणाऱ्याचा टाळ तीन दिवस खुंटीला टांगलेला दिसला, तर चौथ्या दिवशी दोघांनी त्याच्या घरी जावे. उपदेश करू नये. चहा घ्यावा, पिकाचे विचारावे, त्याचे ऐकावे, आणि “उद्या तुझी वाट पाहतो” म्हणून उठावे.

आता या चातुर्मासाकरिता सोपा नेम सांगतो. पहाटे उठल्यावर अंथरुणावरच अकरा वेळा शांतपणे नाम घ्यावे. सायंकाळी ज्ञानोबारायांचा हरिपाठ म्हणावा. स्वतःशी म्हटला तर साधारण घटकाभर लागतो. शक्य असेल तेथे मंदिरात चौघांबरोबर, पावली खेळत म्हणावा, म्हणजे देहाचाही व्यायाम होतो. पंधरवड्याची एकादशी धरावी; भूक लागली असता मनाला “आज नाही” म्हणण्याचा तो सराव आहे, आणि ज्याला भाकरीला नाही म्हणता आले, तो पुढे रागाला आणि दारूलाही नाही म्हणू शकतो. ज्यांना औषध चालू आहे किंवा साखरेचा आजार आहे, त्यांनी उपास डॉक्टरांना विचारूनच करावा. त्यांच्याकरिता नामाचा नेम पुरेसा आहे. आणि वर्षातून एकदा वारी. दिवसेंदिवस पाऊस-चिखलातून चाललेले पाय मनाला सांगतात की, अवघड वाट एकेका पावलाने सरते.

आज संध्याकाळीच आरंभ करा. सोबत शेजारच्या घरातला एक जण घेऊन या.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!