निवासनोंदीचा आदेश आणि अपील

भोर व वेल्हे (राजगड) तालुक्यांतील एखादी व्यक्ती लैंगिक गुन्ह्यात पुन्हा दोषी ठरल्यास, दोन्ही गुन्हे ३ वर्षे वा अधिक कारावासास पात्र असल्यास, सुटकेनंतर निवासाचा पत्ता व त्यातील बदल कळविण्याचा आदेश न्यायालय शिक्षेसोबत देऊ शकते. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ३९४ नुसार त्याची कमाल मुदत शिक्षा संपल्यापासून ५ वर्षे आहे.

दंडाधिकाऱ्यांच्या निकालाविरुद्ध पुण्याच्या सत्र न्यायालयात, तर सत्र न्यायालयाच्या निकालाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात अपील होते. अपील न्यायालयही असा आदेश देऊ शकते. परंतु दोषसिद्धी रद्द होताच आदेश निरर्थक ठरतो. ग्रामस्थांची सुरक्षितता व निर्दोषाची प्रतिष्ठा या दोहोंचे रक्षण त्यामुळेच साधते. म्हणून निर्दोष ठरलेल्याने निकालाची प्रत पोलीस ठाण्यात अवश्य द्यावी.