जोर काढून गाठ जिरत नाही

पोलीस भरतीची चाहूल लागली की नांदेड-लातूरकडच्या सर्जनसमोर एक ठरावीक पेशंट येऊन बसतो. भर उन्हाळ्यात अंगात दोन बनियन, खांदे पुढे झुकलेले. भरतीत छाती 79 सेंटीमीटर लागते, फुगवून 5 वाढावी लागते. त्याला धास्ती टेपची नसते, चारचौघांत शर्ट काढण्याची असते.

“सहा महिने रोज दोनशे जोर मारले, डॉक्टर. उलट जास्तच दिसायला लागलं,” असाच एक जण रडकुंडीला येऊन सांगत होता. दिसणारच! जोरांनी खालचा स्नायू फुगतो आणि वरची गाठ आणखी पुढे येते. गायनेकोमास्टियात, म्हणजे पुरुषाची छाती स्तनासारखी वाढते तेव्हा, स्तनाग्रामागे रबरासारखी ग्रंथी वाढलेली असते. ती चरबी नव्हे, घामाने जात नाही. त्यात या पठ्ठ्याने जिममधल्या ‘जाणकारा’कडून स्टेरॉइडची इंजेक्शनं टोचून घेतलेली. अशा काही स्टेरॉइडांचं शरीरात इस्ट्रोजेन होतं आणि छाती वाढते.

ही पोरं मोबाइलवर पाहून पावडर मागवतील, पण नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरच्या विलासराव देशमुख वैद्यकीय संस्थेत सर्जरीचा केसपेपर काढायला लाजतील!

वयात येणाऱ्या मुलांची गाठ बहुधा दोनेक वर्षांत आपोआप जिरते. चौदाव्या वर्षी सुरीची घाई नको.

ती टिकलीच, तर ऑपरेशन एक-दोन तासांचं, बहुतेकदा पूर्ण भूल देऊन. आधी उभं करून पेनने खुणा करतात. बारीक नळीने भोवतीची चरबी ओढतात, मग स्तनाग्राभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या खालच्या कडेने छेद घेऊन ग्रंथी काढतात. व्रण त्या कडेत लपतो. थोडी ग्रंथी मुद्दाम मागे ठेवतात, नाहीतर तिथे खड्डा पडतो.

खरी परीक्षा नंतरची. घट्ट प्रेशर जॅकेट साधारण चार ते सहा आठवडे, आणि मराठवाड्याचा मे महिना! तिसऱ्याच दिवशी ते खुंटीला लागतं. सूज, काळंनिळं, बधिरपणा यांना घाबरू नका. मात्र एकच बाजू अचानक टणक फुगून ठणकली, तर आत रक्त साकळलं असू शकतं; सकाळची वाट पाहू नका.

एकाच बाजूची दगडासारखी गाठ, स्तनाग्रातून रक्त, काखेत किंवा वृषणात गाठ असेल, तर आधी तपासणी. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभरातला साधारण एक रुग्ण पुरुष असतो.

स्पायरोनोलॅक्टोनसारख्या रक्तदाबाच्या गोळीनेही छाती वाढते. ती परस्पर बंद करू नका. येताना चालू गोळ्यांची पाकिटं आणा. जिमवाल्याने दिलेली बाटलीसुद्धा.