भ्रमणध्वनीची निवड आणि नवी कार्यप्रणाली

दिल्लीतील द्वारका येथे, बांधकाम चालू असलेल्या भुयारी मेट्रो स्थानकात, १ ऑक्टोबर २०२२ रोजी ५जी सेवेचे प्रात्यक्षिक झाले. त्याच दिवशी भारतात ही सेवा सुरू झाली. अशा जाळ्यावर आपला भ्रमणध्वनी चालेल काय, हे मात्र यंत्रावर अवलंबून असते.

भ्रमणध्वनी हे मूलतः रेडिओयंत्र होय. जिओची ४जी सेवा ८५०, १८०० व २३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांवर चालते. परदेशासाठी बनविलेल्या यंत्रात यांपैकी एखादा पट्टा नसू शकतो. म्हणून केवळ नाव न पाहता नमुना-क्रमांक ताडून पाहावा.

तेवढ्याने काम भागत नाही. २०१६ साली सुरू झालेल्या जिओच्या जाळ्यात २जी वा ३जी नाही. संभाषणासाठी व्होल्टीसारखी इंटरनेटाधारित पद्धतच लागते. ती चालविणारे निर्मात्याचे घटक लिनिएजओएससारख्या नव्या कार्यप्रणालीत निकामी ठरू शकतात. मग इंटरनेट चालते. परंतु घरी फोन लावता येत नाही. एअरटेलपाशी २जी असल्याने संभाषणास जुनी वाट उरते.

तेव्हा खरेदीपूर्वी तीन गोष्टींची खात्री करावी : पट्टे जुळतात काय, त्याच नमुन्यावर नव्या प्रणालीत व्होल्टी चालते काय, आणि यंत्र सुरू करणाऱ्या बूटलोडरचे कुलूप उघडण्यास निर्माता अनुमती देतो काय. कुलूप उघडताना यंत्रातील माहिती सामान्यतः पुसली जाते. तिची प्रत आधीच काढावी. प्रत्यक्ष संभाषण होऊन खात्री पटेपर्यंत जुने यंत्र दूर करू नये.