नाडी सांगणारा सदरा आणि कलाबतूचा धागा

अंगावरचा सदरा हृदयाचे ठोके मोजतो, श्वास मोजतो आणि ते आकडे मोबाईलवर पाठवतो, असे सांगितले की आपले शिंपीबंधू हसतात. हे काम डॉक्टरांचे आणि इंजिनिअरांचे, त्यात आपले काय, असे त्यांचे म्हणणे. आमचे मत वेगळे आहे. या सदऱ्याचा अर्धा भाग विजेचा असला तरी उरलेला अर्धा कापडाचा, बेतणीचा आणि टाक्याचा आहे. संशोधकांचे घोडे पुष्कळदा याच दुसऱ्या अर्ध्यात अडते.

अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेत मूळ भारतीय असलेले प्रा. सुंदरेशन जयरामन यांनी १९९६ साली नौदलाच्या मदतीने असा सदरा विणण्याचे काम हाती घेतले. सैनिकाला गोळी कुठे लागली आणि त्याची नाडी कशी चालते, हे दूरवरून कळावे, हा हेतू होता. पुढे रुग्ण, खेळाडू व तान्ही मुले यांच्यासाठी त्याचा विचार झाला. १९९७ च्या सुमारास एमआयटी या संस्थेत रेहमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ यांनी विजेचे मार्ग कापडावर भरतकामाने काढले. त्यांनी घेतलेले एक कापड रेशमी ऑर्गेन्झा होते. त्यातील रेशमी धाग्यावर धातूचे पातळ पान गुंडाळलेले होते, आणि असे कापड भारतात शंभर वर्षांपासून विणले जात असल्याचे त्यांनीच नमूद केले. आपल्याकडे याला कलाबतू म्हणतात! (बाजारातल्या प्लास्टिकच्या जरीवर मात्र सहसा लेप असतो, ती या कामाची नाही.)

आता हे चालते कसे ते पाहू. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर अंगावर विजेचा अगदी क्षीण दाब उमटतो. तो साधारण एक मिलिव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टचा हजारावा भाग. इस्पितळात ईसीजी काढताना डॉक्टर जेल लावून हाच दाब टिपतात. सदऱ्यात जेल नसते. तेथे चांदीचा मुलामा दिलेल्या नायलॉन धाग्याची पट्टी छातीला चिकटून बसते. पट्टी घसरली की आकडे बिघडतात. म्हणून माप, कापडाचा ताण आणि शिवणीची जागा यांवर सगळे अवलंबून असते. श्वासासाठी छातीभोवती धातूच्या धाग्याचा लवचीक पट्टा असतो. तो ताणला की त्याचा विजेला होणारा विरोध बदलतो आणि त्यावरून श्वास मोजला जातो. बॅटरी आणि यंत्र एका डबीत असते. ती टिचबटणाने लावायची आणि धुण्यापूर्वी काढायची.

खरी अडचण धुण्याची. घाम, साबण आणि घासणे यांनी चांदीचा मुलामा झिजतो, ब्लीचने तर तो लवकर बिघडतो. ज्या भागात उन्हाळ्यात माणूस घामाने निथळतो, त्या बारामती-इंदापूरकडे अशा कपड्याची परीक्षा कडकच होणार.

बारामतीच्या एमआयडीसीत टेक्स्टाईल पार्क उभे आहे, आणि तयार कपडे शिवणारे हात तेथे आहेत. तेव्हा शिकायचे असेल तर या कामाचे बारकावे ध्यानात घ्यावेत. धातूचा धागा सुईच्या नेढ्यातून ओढला की तंतू सुटतात. म्हणून तो बॉबिनमध्ये भरावा आणि वर साधा धागा ठेवावा. लवचीक कापडावर सरळ टाका तुटतो, तेथे झिगझॅग घालावा. दोन मार्गांचे धागे कुठेही एकमेकांना शिवता कामा नयेत. टोके आखूड कापावीत, कारण लोंबणारे एक टोकही शॉर्ट सर्किट करते. शिवून झाल्यावर इलेक्ट्रिशियनच्या मीटरने विरोध मोजावा, मग पाच धुण्यांनंतर, मग दहा धुण्यांनंतर पुन्हा मोजून वहीत लिहावा. ही वही उद्या गिऱ्हाइकापुढे ठेवता येते. गोड बोलण्यापेक्षा तिचे वजन जास्त.

व्यापाऱ्यांनी एक गोष्ट जपावी. रोगनिदानासाठी म्हणून विकलेला कपडा वैद्यकीय उपकरण ठरतो. २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम आहेत, आणि एप्रिल २०२० पासून अशी सर्व उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. विनापरवाना 'हार्टचा बनियन' म्हणून माल विकणे अंगाशी येईल. शिवाय ज्या कपड्याचे आकडे चुकतात, तो हृदयरोग्याला खोटा धीर देतो. मालाचा दोष लपवणे शरीअतने मना केले आहे. इथे तर तो दोष जिवावर बेतू शकतो.

म्हणून आमचा सल्ला असा, की व्याजी कर्ज काढून यंत्रे घेण्याची घाई नको. ज्याला विजेचे ज्ञान आहे त्याच्याशी शिरकत करावी, परवान्याची जबाबदारी कोणाची ते लेखी ठरवावे आणि आपण शिवणीपुरते काम घ्यावे. धाग्याची व कापडाची तपासणी करून घ्यायची तर मुंबईच्या ससमिरा व बिट्रा या संस्थांकडे आणि वैद्यकीय कापडासाठी कोइमतूरच्या सिट्राकडे विचारणा करावी. चौकशीला जाताना नमुना, धाग्याचे वेष्टन आणि ती धुण्याची वही सोबत न्यावी.